कंदांची विश्रांती आणि पुनरागमन

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या शाळेच्या परसबागेची तपासणी करावयास गेलेल्या अधिकाऱ्यास पुष्कळदा एक विचित्र दृश्य दिसते. वाफ्यांच्या कडेला पाट्या उभ्या असतात. त्यांवर हळद, सुरण, शतावरी, मुसळी, भुईचाफा अशी नावे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असतात. वाफ्यांत मात्र भेगाळलेली माती आणि थोडा वाळलेला पाला यांखेरीज काहीच नसते. रोपे मेली असा निष्कर्ष काढला जातो, नोंदवहीत तसा शेरा पडतो आणि सुटीत वाफे खणून त्या जागी दुसरी काही लागवड करण्याची सूचना दिली जाते. पावसाळ्यापर्यंत कोणी त्या वाफ्यांना हात लावला नाही, तर जूनच्या मध्यास त्याच कोरड्या मातीतून हिरवे कोंब वर येतात आणि मेलेल्या रोपांच्या पाट्या पुन्हा खऱ्या ठरतात.

निसर्गाच्या या व्यवहाराची नीट ओळख नसल्यामुळे आपल्या परसात, शाळेत आणि गावाच्या माळरानावरही दरवर्षी पुष्कळ नुकसान होते. म्हणून या वनस्पती कोठे जातात, तेथे काय करतात आणि परत कशा येतात, हे समजून घेणे शिक्षकास व पंचायत सदस्यास सारखेच उपयोगाचे आहे.

आयुष्याची तिसरी रीत

वनस्पतींच्या आयुष्याच्या दोन रीती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बाजरी, मूग, तेरडा या एका हंगामाच्या वनस्पती होत. त्या बी धरतात आणि मुळासकट मरतात. पुढील वर्षी येते ती त्यांची संतती. आंबा, चिंच, वड यांची रीत वेगळी. त्यांचे खोड वर्षानुवर्षे उभे असते आणि पाने गळली तरी फांद्यांवरील डोळे जिवंत राहतात. या दोहोंमध्ये तिसरी रीत आहे. या रीतीच्या वनस्पतींचा जमिनीवरील सर्व भाग दरवर्षी वाळून नाहीसा होतो, परंतु जमिनीखाली गड्डा, कंद किंवा मांसल मुळांचा झुबका जिवंत राहतो. पुढील वर्षी जी पाने येतात ती त्याच वनस्पतीची असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउंकिएर यांनी वनस्पतींची एक वर्गवारी मांडली. प्रतिकूल ऋतूत वनस्पती आपला वाढीचा डोळा कोठे सुरक्षित ठेवते, हे त्या वर्गवारीचे सूत्र होते. कोणी तो उंच फांदीवर ठेवते, कोणी जमिनीलगत, तर कोणी मातीच्या आत. मातीच्या आत डोळा ठेवणाऱ्या वनस्पतींना भूकंदी वनस्पती म्हणता येईल. थंड देशांत त्या बर्फापासून स्वतःचा बचाव करतात. महाराष्ट्रात बर्फ नाही, पण पाऊस चार महिन्यांतच उरकतो आणि उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. ज्या कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथेही मार्चनंतर जांभ्या खडकाच्या सड्यावर गवताची काडी हिरवी राहत नाही. तेव्हा आपल्याकडील भूकंदी वनस्पती उन्हाळ्यापासून लपतात. त्यांची वाढ पावसाळ्यात होते आणि विश्रांती कोरड्या दिवसांत.

पाने पिवळी पडतात तेव्हा

ऑक्टोबर उलटला की सुरणाचे छत्रीसारखे पान कडेने पिवळे पडू लागते. हळदीचा पाला डिसेंबरपासून सुकत जातो. पाहणाऱ्यास हे रोगाचे किंवा मरणाचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी वनस्पतीच्या वर्षभराच्या कामाचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग चाललेला असतो.

हिरवे पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. तिचा काही भाग पानाच्या स्वतःच्या वाढीस लागतो आणि उरलेला देठावाटे खाली जाऊन गड्ड्यात पिष्टाच्या रूपाने साठतो. पावसाळ्याच्या प्रारंभी पान गड्ड्यातून घेते. मध्यावर ते स्वतःपुरते मिळवते. अखेरीस मात्र ते गड्ड्यास देत राहते. ऋतू संपत आला की पानातील हरितद्रव्याचे विघटन होते आणि नत्रासारखी मौल्यवान द्रव्ये पानातून काढून घेऊन खाली नेली जातात. हिरवा रंग गेल्यामुळे आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. जे शेवटी वाळून गळते, ते जवळजवळ रिकामे झालेले पान असते.

यातून पहिला धडा मिळतो. पान हिरवे असताना ते कापणे म्हणजे पुढील वर्षाची शिल्लक जमा होण्याआधीच खाते बंद करणे होय. परसबाग स्वच्छ दिसावी म्हणून दिवाळीच्या सुमारास शतावरी, सुरण, भुईचाफा यांची अर्धवट पिवळी पाने छाटण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. छाटणीनंतर वनस्पती लगेच मरत नाही. पुढील वर्षी तिचे पान लहान येते, त्यापुढील वर्षी आणखी लहान, आणि एखाद्या वर्षी ती येतच नाही. कारण तीन वर्षे मागे गेलेले असल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

डोळा कोठे असतो

जमिनीखालील प्रत्येक फुगीर भागास आपण सरसकट कंद म्हणतो. पण त्यांच्यात भेद आहेत, आणि कोणत्या भागातून नवे रोप येईल हे त्या भेदांवरच अवलंबून असते.

हळद आणि आले यांचा गड्डा म्हणजे जमिनीत आडवे वाढणारे खोड होय. त्यावर पेरे असतात आणि पेऱ्यांवर डोळे असतात. म्हणून हळदीचा जेठा गड्डा लावला तरी उगवतो आणि हळकुंड लावले तरी उगवते. शेतकरी जेठे गड्डे बेण्यासाठी पसंत करतो, कारण त्यांत साठा अधिक असल्याने आरंभीची वाढ जोमदार होते.

सुरणाचा गड्डाही खोडच आहे, पण तो उभा आणि आखूड. त्याच्या माथ्यावर मध्यभागी मुख्य डोळा असतो. सुरणाची गंमत अशी की जुना गड्डा नव्या पानास वाढविताना स्वतः आक्रसून संपतो आणि त्याच्या डोक्यावर नवा गड्डा तयार होतो. गेल्या वर्षीचा सुरण यंदा मोठा झाला असे आपण म्हणतो. खरे तर गेल्या वर्षीचा संपलेला असतो आणि त्याच्या ठेवीवर यंदाचा उभा राहिलेला असतो. बेण्यासाठी सुरण कापताना प्रत्येक फोडीस माथ्यावरील डोळ्याचा थोडा तरी भाग यावा, असे जाणते शेतकरी सांगतात, ते याचसाठी.

शतावरी आणि सफेद मुसळी यांची गोष्ट निराळी. त्यांच्या जमिनीखालच्या पांढऱ्या बोटांसारख्या मुळ्या या खोड नसून मुळेच आहेत. त्यांत अन्न व पाणी साठलेले असते, पण त्यांवर डोळे नसतात. डोळे असतात ते सर्व मुळ्या जेथे एकत्र जुळतात त्या वरच्या चकतीवर. चकतीचा तुकडा न घेता तोडलेली मुळी कितीही जाड असली तरी उगवत नाही. मुळ्या काढून घेऊन चकती पुन्हा मातीत ठेवली, आणि तिला दोन-चार मुळ्या राहू दिल्या, तर वनस्पती सावरू शकते. सफेद मुसळीच्या ज्या जातीस शास्त्रात क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम म्हणतात, तिचे वर्णन १९५० च्या दशकात सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी केले. त्या नावात मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव कायमचे गोवले गेले आहे.

कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळक्याचा असतो आणि प्रत्येक बेळक्याच्या टोकास एकच डोळा असतो. खणताना ते टोक मोडले की तो भाग पुन्हा फुटत नाही. ही वनस्पती विषारी आहे. तिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य गाउट या सांधेदुखीच्या विकारावर वैद्यकीय देखरेखीखाली वापरले जाते, पण कंद पोटात गेल्यास जिवावर बेतते. तो एखाद्या खाण्याच्या कंदासारखा दिसत असल्याने फसगत होऊ शकते. शाळेच्या बागेत ती लावू नये. तिची ओळख मात्र मुलांना अवश्य करून द्यावी.

झोप आणि जाग

नुकताच काढलेला सुरण लगेच लावला आणि भरपूर पाणी दिले, तरी तो लगेच उगवत नाही. हळदीचेही तसेच आहे. म्हणजे ही झोप केवळ पाण्याच्या अभावामुळे आलेली नसते. वनस्पतीच्या अंगातच वाढ रोखणारी द्रव्ये असतात आणि त्यांचा प्रभाव ओसरेपर्यंत डोळा जागा होत नाही. या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. जानेवारीत एखादा अवकाळी पाऊस पडला आणि कंद फसून उगवला, तर पुढील चार महिन्यांच्या उन्हात कोवळे पान करपून जाईल आणि साठाही वाया जाईल.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ही अंतर्गत बंदी उठते. मग उन्हाळ्याची ऊब, हवेतील वाढता दमटपणा आणि वळवाच्या सरी यांची चाहूल लागताच डोळा हलू लागतो. काही वनस्पती तर पावसाची वाटही पाहत नाहीत. भुईचाफ्याची फुले पानांचा पत्ता नसताना एप्रिल-मे महिन्यांत थेट जमिनीतून वर येतात. बागेतील फुटबॉल लिलीचा लाल चेंडूही अशाच कोरड्या दिवसांत उमलतो. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांच्या रानांत मेअखेरीस शेवळाचे जांभळट दांडे उभे राहतात. बाहेरून थेंबही न मिळता हे घडते, कारण लागणारे अन्न आणि पाणी गतवर्षीच गड्ड्यात साठवलेले असते. आधी फूल आणि मग पान असा क्रम असल्याने पाऊस सुरू होताच पानास पूर्ण हंगाम कामासाठी मिळतो.

बाजार आणि जेवण

या कंदांवर महाराष्ट्रातील फार मोठा व्यवहार उभा आहे. हळदीचे पीक वसमत, सांगली, वायगाव अशा ठिकाणांच्या नावांशी जोडले गेले आहे; सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणण्याची परंपरा होती. जी वनस्पती स्वतःचा साठा मातीत ठेवते, तिचा साठा माणसानेही मातीतच ठेवला, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

शेतीबाहेरचा व्यवहार लहान असला तरी तो गरिबाच्या घरचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घरातील धान्य संपत आलेले असते आणि शेतात अजून काही नसते. नेमक्या त्या दिवसांत शेवळे आणि फोडशी उगवतात. कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांतील स्त्रिया त्यांच्या जुड्या बाजारात आणतात आणि घरीही त्यांचीच भाजी होते. शेवळात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून भाजीत काकडाची आंबट फळे, चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत आहे. फोडशीची कोवळी पाने खुडली तर कंद पुन्हा पाने देतो. ती मुळासकट उपटली तर त्या जागी पुढील वर्षी काहीच येत नाही. जाणत्या स्त्रिया हा फरक पाळत आल्या आहेत. मागणी वाढली आणि अनोळखी माणसे गोणी घेऊन रानात शिरली की तो पाळला जात नाही.

हानी कोठे होते

शेवळाचा दांडा म्हणजे त्याचा फुलोरा. एका जागेवरील सर्व दांडे तोडले तर तेथे बी पडत नाही. गड्डा जिवंत असल्याने पुढील वर्षी पुन्हा दांडे दिसतात आणि काही बिघडले नाही असे वाटते. पण जुने गड्डे हळूहळू संपतात आणि त्यांची जागा घेणारे नवे तयार झालेले नसतात. मुसळी व शतावरीच्या बाबतीत नुकसान याहून शीघ्र होते, कारण तेथे विकला जातो तो साठाच. बी पडण्यापूर्वी, म्हणजे पाने हिरवी असतानाच, खोदाई केली तर मूळही अपुरे भरलेले मिळते आणि बीजही जाते. पाने वाळल्यानंतर खोदावे तर कंद कोठे आहे ते दिसत नाही. म्हणून घाई होते. ही घाई टाळण्याचा उपाय सोपा आहे. पाने हिरवी असताना जागेवर खूण करावी आणि ती वाळल्यावर खणावे.

सर्वांत मोठी हानी मात्र कुदळीने होत नाही, ती नोंदीतून होते. डोंगरमाथ्यावरील सडे आणि माळ उन्हाळ्यात उघडेबोडके दिसतात. जमिनीची पाहणी बहुधा त्याच दिवसांत होते, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. मग ती जमीन पडीक किंवा पोटखराबा म्हणून धरली जाते. तेथून मुरूम उचलला जातो, यंत्राने सपाटीकरण होते, किंवा चांगल्या हेतूने का होईना, वृक्षलागवडीसाठी खड्डे खणले जातात. सड्यावरील मातीचा थर काही ठिकाणी वीतभरसुद्धा नसतो आणि सगळे कंद त्याच थरात असतात. वणव्याची आंच मातीत फार खोल जात नाही, त्यामुळे बरेचसे कंद त्यातून वाचतात; खरवडलेल्या मातीबरोबर मात्र ते सगळेच जातात.

साताऱ्याजवळील कास पठार हे याचे उत्तम उदाहरण होय. उन्हाळ्यात तेथे काळा खडक आणि पिवळे गवत दिसते. पावसाळ्यात त्याच ठिकाणी वायतुरा, सापकांदा, चवर, हबेअमरी अशा कंदधारी वनस्पती फुलतात. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कासचा समावेश आहे. कास प्रसिद्ध झाले म्हणून त्याकडे लक्ष गेले. तसेच लहान-मोठे सडे कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत आणि त्यांची पाहणी अजूनही बहुधा मे महिन्यातच होते.

शाळेत काय करावे

शाळेच्या परसबागेत पुढील गोष्टी कोणत्याही विशेष खर्चाशिवाय करता येतील.

१. प्रत्येक भूकंदी वनस्पतीच्या जागी पक्की खुंटी रोवावी आणि पाटीवर नावाखाली 'विश्रांतीचे महिने' लिहावेत. सुटीत काम करणाऱ्यास व तपासणीस येणाऱ्यास त्यामुळे वाफा रिकामा नाही हे कळेल.

२. पाने पूर्ण वाळेपर्यंत छाटू नयेत. वाळलेला पाला तेथेच आच्छादन म्हणून पसरावा.

३. विश्रांतीच्या काळात त्या वाफ्यास पाणी देऊ नये. झोपलेला कंद पाणी वापरीत नाही. ओल साचून तो कुजतो.

४. कंद काढून ठेवायचे असल्यास सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या पाल्याखाली ठेवावेत. लावताना डोळा वर येईल असे पाहावे.

५. सुरणाचा गड्डा लावण्यापूर्वी मुलांकडून तोलून घ्यावा आणि हंगामाच्या अखेरीस पुन्हा तोलावा. एका रोपाचे पान वेळेआधी कापावे, दुसऱ्याचे आपोआप वाळू द्यावे आणि दोहोंच्या वजनांची तुलना फळ्यावर मांडावी. पान गड्ड्यास काय देते, हे मुलांना त्या दोन आकड्यांवरून कळेल.

ग्रामपंचायतीचे काम

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे आणि लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही भूकंदी वनस्पतींच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते. एकाच भेटीत तयार केलेल्या नोंदवहीत त्या येणारच नाहीत. वळवाच्या सरींनंतर एकदा, भर पावसाळ्यात एकदा आणि पाने पिवळी पडताना एकदा, अशा तीन फेऱ्या गावाच्या रानात व्हाव्यात. फेरीत रानभाज्या विकणाऱ्या स्त्रियांना आणि गुराख्यांना बरोबर घ्यावे, कारण कोणता कंद कोठे आहे हे त्यांना खुंटीवाचून ठाऊक असते.

वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांवरील हक्काबरोबर वन्य जीव व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारीही त्याच कायद्याने हक्कधारकांवर आणि ग्रामसभेवर सोपविली आहे. कोणत्या महिन्यात खोदाई करावी, चकती परत लावावी की नाही, दर किती दांड्यांमागे एक बियांसाठी राखावा, असे नियम बाहेरून कोणी आणून देण्याची गरज नाही. ग्रामसभेने ते चर्चेने ठरवावेत आणि गावात फलकावर लिहावेत. मुरूम उचलण्यास किंवा सपाटीकरणास संमती देण्यापूर्वी ती जागा एकदा ऑगस्ट महिन्यात पाहून यावी, एवढा एक ठराव जरी झाला तरी पुष्कळ कंद वाचतील.

शाळेच्या त्या वाफ्याविषयीही तपासणी अधिकाऱ्याने एवढेच करावे. मे महिन्यात 'रोपे मृत' असा शेरा न लिहिता 'जुलैमध्ये पुन्हा पाहावे' असे लिहावे. जुलैमध्ये तो परत येईल तेव्हा खुंटीशेजारी सुरणाची छत्री उघडलेली असेल, आणि जी मुले गड्डा तोलून ठेवून सुटीवर गेली होती, ती त्याला गतवर्षीचे वजन वहीतून वाचून दाखवतील.